दाजींचं हेवी मेटल

उंब्रजपासून कराडपर्यंतच्या पट्ट्यात हेवी मेटल ह्या संगीतप्रकाराचा अधिकारी पुरुष एकच, आणि त्याला धड ऐकू येत नाही. ह्याबद्दल कुणाला शंका असेल तर त्यानं ती दाजींसमोर खुशाल बोलून दाखवावी, फक्त मोठ्यानं. दाजी तोफखान्यात हवालदार होते. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी तोफेच्या कुशीत काढली, आणि निवृत्त होऊन ऊस लावायला गावी आले ते पेन्शन, एक काळी ट्रंक आणि दोन निकामी कान घेऊन. अगदी ठार बहिरे नव्हेत. भावकीतलं भांडण ऐकू येतं, ट्रॅक्टर ऐकू येतो, फटाका तर पुढच्या गावचाही येतो. पण माणसाचं साधं बोलणं, भजन, टीव्ही, सनई हे सगळं त्यांना "शेजारच्या घरात कोन तरी पुटपुटल्यागत" लागतं. कानाचं यंत्र लावून बघितलं. "कानात माशी शिरल्यागत हुतंय," म्हणून तेही ट्रंकेत गेलं.

दाजी हे माझे दाजी नव्हेत. ते संग्रामचे, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण संग्राम आमच्या बँडचा गिटारवाला, त्यामुळे दाजी सगळ्या बँडला सामुदायिक लागू झाले. कराडला इंजिनिअरिंगला असताना आम्ही तिघांनी हा बँड काढला. ड्रमवर अस्लम, त्याच्या घरचं भांड्यांचं दुकान असल्यामुळे त्याचा रियाज पाळण्यापासूनच झालेला. आणि बास गिटारवर मी. बास गिटार मी निवडली नाही. तिला चारच तारा असतात असं कळल्यावर ती माझ्या वाट्याला आली. खरं सांगायचं तर आमच्यात संगीतकार एकटा संग्राम. आम्ही दोघं त्याच्या आवाजाला लावलेले टेकू, आणि त्यातला एक टेकू कायम अर्धा ठोका मागं. हॉस्टेलनं हाकललं, नंतर भाड्याच्या खोलीनं हाकललं, तेव्हा संग्रामनं आमचं सगळं सामान टेम्पोत घालून दाजींच्या रानात नेलं. तिथं गोठ्याला लागून खताची पोती ठेवायची एक खोली होती. "दाजींना तसंही ऐकू येत न्हाई," हा त्यातला हिशेब.

तो हिशेब पहिल्याच दिवशी चुकला. आम्ही सुरू केलं आणि पाचेक मिनिटांत दार उघडून दाजी आत आले. हातात आसूड होता. मी बास गिटार ढालीसारखी धरली. पुढं तिचा तोच उपयोग मला सर्वांत चांगला जमला. पण दाजींनी आसूड खुंटीला लावला, बादली पालथी घातली आणि आवाजाच्या डब्याला गुडघे टेकवून बसले. गाणं संपेस्तोवर हलले नाहीत. मग संग्रामकडं बघून म्हणाले, "ह्ये मला ऐकू आलं रं. समदं आलं." इतक्या वर्षांत त्यांनी एकही गाणं धड ऐकलं नव्हतं, हे आमच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. त्या दिवसापासून खोली आमची झाली. आठवड्यात म्हैस पान्हा चोरायला लागली. ताईंनी, म्हणजे संग्रामच्या बहिणीनं, तक्रार केली तेव्हा दाजींनी तोडगा काढला. म्हैस हलवली, बँड नाही.

संग्राम गेला तेव्हा पंचविशीतही नव्हता. काविळीचं निमित्त झालं. त्याच्या आधी महिनाभर पुण्याला जाऊन आम्ही एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. एकच, पण चांगलं लांबलचक. त्यात शब्द नाहीत, त्यामुळे कुणाला अर्थावर आक्षेप घेता येत नाही, सरळ गाण्यावरच घ्यावा लागतो. संग्राम गेल्यावर बँड उरायचं काही कारण नव्हतं. अस्लम दुकानात बसला, मी सांगलीला एका बँकेत चिकटलो. संगीताचं ह्यात काही नुकसान झालं असं मला वाटत नाही. पण दाजी काही निवृत्त झाले नाहीत. एकदा निवृत्त झालेला फौजी दुसऱ्यांदा होत नसतो. मेव्हण्याचं गाणं गावानं एकदा, फक्त एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. सुरुवातीचा गडगडाट ऐकूनच माणसं उठायची. दाजींनी ते ट्रॅक्टरवर लावलं. गळिताच्या हंगामात कारखान्याच्या दारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि जो तो आपापली गाणी वाजवत बसतो, त्या रांगेत दाजींनी संग्राम सोडला. पुढचा ड्रायव्हर खाली उतरून मागं आला. "दाजी, बेअरिंग गेलंय बगा तुमचं." दाजी शांतपणे म्हणाले, "बेअरिंग न्हवं. मेव्हणा हाय त्यो." कुणी तरी सुचवलं की रानडुकरं लय माजलीत, रात्री हे गाणं शिवारात लावा, एक डुक्कर ऱ्हायचं न्हाई. दाजी दोन दिवस त्या माणसाशी बोलले नाहीत. "डुकरांसाठनं वाजवलंय व्हय त्यानं?" तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच जाऊन लावून बघितलं, आणि परत येऊन मोठ्या समाधानानं सांगितलं की एकही डुक्कर पळालं नाही. "जनावरास्नी कळतंय. मानसास्नीच न्हाई."

संग्रामचे काळे टी-शर्ट ते अजून वापरतात. खाली पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, छातीवर कवटी. ह्या पोशाखात ते एका लग्नाला गेले तेव्हा नवरीच्या आजोबांनी विचारलं, "आवं हवालदार, शुभकार्याला मड्याचं तोंड?" दाजी म्हणाले, "कातडं काढलं तर तुमचं बी आसंच निगंल, आन्ना." मी सांगलीला गेल्यावर एकदा ते मला भेटायला बँकेत आले. मी आत होतो. दाजींनी हॉलच्या मधोमध उभं राहून, तोफखान्यातल्या आवाजात, माझ्या नावानं "कुटं हायस रं भडव्या?" अशी हाळी दिली. वॉचमननं बंदूक उचलली. ती कशी धरलीय ते बघून दाजींनी आधी त्याला ती नीट धरायला शिकवली, आणि मग मला सांगितलं, "वर्सश्राद्ध आलंय. साऊंड तुज्याकडं."

आमच्याकडं वर्षश्राद्धाची एक रीत आहे. सकाळी प्रवचन, बरोबर बारा वाजता फोटोवर फुलं टाकायची, आणि फुलं पडली की पंगत. हा क्रम लोकांच्या अंगात इतका भिनलाय की मुठीतली पाकळी सुटली की पाय आपोआप पत्रावळीकडं वळतात. दाजींचा बेत असा की प्रवचन संपल्यावर गाणं, गाणं संपल्यावर फुलं. म्हणजे जेवायच्या आधी गाव अडकलं; ऐकल्याशिवाय सुटका नाही. लष्करी डावपेचच. भावकीतले आप्पा कडाडले, "श्राद्धाला आसलं गानं? पितर पळून जातील की." दाजी म्हणाले, "कुटं पळत्यात? वाजवनारा त्येंच्यातच बसलाय न्हवं आता." ताईंचं निराळं होतं. गेलं वर्षभर हे गाणं सुरू झालं की त्या उठून गोठ्यात जायच्या. त्यांना ते ऐकवत नव्हतं, आणि दाजींना त्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. एका घरात दोघं, आणि मधे ते गाणं. "लावा तुमी," एवढंच त्या म्हणाल्या. "मी सैपाकाकडं बगते."

त्या दिवशी मंडप गच्च भरला होता. महाराजांनी प्रवचन आवरलं. पोरींनी पाकळ्यांची ताटं फिरवली, सगळ्यांच्या मुठी भरल्या. साऊंडची जबाबदारी माझी असल्यामुळे माझ्या अंगात जो एक अधिकारी शिरला होता त्यानं, कुणी सांगितलं नसताना, माइक हातात घेतला. "मंडळी, आता संग्रामचं गाणं होईल. गाणं थांबलं की सर्वांनी फुलं टाकायची आहेत!" आणि मी बटण दाबलं.

इथं एक तपशील सांगायला हवा. त्या गाण्याच्या बरोबर मधे आवाज थांबतो. ड्रम नाहीत, बास नाही. नुसती एकटी गिटार, अगदी हळू, काही तरी वाजवत राहते. तो भाग संग्रामनं स्टुडिओत एकट्यानं वाजवला. मी आणि अस्लम तेव्हा खाली चहा पीत होतो. पुढं रेकॉर्डिंग हातात आल्यावर मी ते पुष्कळदा ऐकलं, पण एकाच हेतूनं. माझी बास कुठं ऐकू येते का, ते शोधायला. मधल्या भागात बास नव्हती. त्यामुळे तो मी दर वेळी पुढं सरकवायचो.

तर गडगडाट झाला. कावळे उडाले. महाराजांनी डोळे मिटले, ते भक्तीनं की कसं ते त्यांनाच ठाऊक. पण माणसं बसून होती. मुठीत फुलं होती ना. दाजी पुढच्या रांगेत, ताठ, छातीवर कवटी, गुडघ्यावर ठेका. आणि मग तो मधला भाग आला. गाणं थांबलं! मी सांगितल्याबरहुकूम गावानं फुलं टाकली. मंडप एकदम उठला. वाढपी बादल्या घेऊन धावले. "आमटी इकडं! आरं पत्रावळ्या कुटं हायत?" मी "अहो बसा, बसा" म्हणत हातवारे करत होतो, ते बघून लोकांना वाटलं पंगतीला बसवतोय, आणि ते जास्तच भराभर बसले. सगळ्यांत वाईट म्हणजे दाजी. ऐकू काही येत नाही, डोळ्यांसमोर फुलं पडतायत, माणसं उठतायत. त्यांची अशी समजूत झाली की झालं, गावानं शेवटपर्यंत ऐकलं. ते उभे राहिले, डोळ्यांत पाणी, हात जोडलेले, आणि त्या हळू वाजणाऱ्या गिटारीच्या डोक्यावर गरजले, "मंडळी, लय उपकार झालं! जेवल्याबिगर कुनी जायाचं न्हाई!"

"आवं गप बसा!"

ताई चुलवणाकडून आल्या होत्या. हातात झारा तसाच. "गप बसा म्हनते ना समदी! चालू हाय अजून!"

वाढपी बादली धरून आहे तिथं थांबले. आणि मग सगळ्यांना ते ऐकू आलं. गिटारीवर हादग्याच्या गाण्याची चाल होती. आमच्याकडच्या पोरी पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून म्हणतात, ती. मंडपातल्या एकूण एक बाईला ती पाठ होती. कुणी मोठ्यानं म्हणालं नाही, पण बायकांच्या ओळीत ओठ हलताना मला दिसले. ताई स्पीकरकडं बघत उभ्या होत्या, झाऱ्यातनं तेल ठिबकत होतं. दाजी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. "बंद पडलं व्हय रं?" ते मला विचारत होते. "काय झालं? बंद पडलं?" मी मानेनंच नाही म्हटलं. मग पुन्हा ड्रम कोसळले, दाजींचा चेहरा उजळला, आणि गावानं, अर्धं पत्रावळीवर आणि अर्धं उभ्यानं, ते गाणं शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकलं. आप्पासुद्धा. नंतर ते मला एवढंच म्हणाले, "मदलं बरं हुतं."

पाहुणे पांगल्यावर आम्ही मंडपातच बसलो होतो. दाजींनी विचारलं, "मदी काय हुतं गं?"

"हादगा," ताई त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"आं?"

"हादगा, हादगा! आमी पोरी फेर धरायचो, आन् ह्यो माजा परकर धरून संगं फिरायचा. खिरापत मिळंस्तवर सोडायचा न्हाई."

दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मला वाटायचं, पोरगं तितं दम खातंय."

गाण्याचं मोठेपण गावभर सांगत हिंडलेल्या माणसानं गाण्याचा तो भाग कधी ऐकलाच नव्हता. मला राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "दाजी, सोपं आहे. कॉम्प्युटरवर तेवढाच भाग मोठा करून देतो. तुम्हाला लख्ख ऐकू येईल." आयुष्यात प्रथमच त्या गाण्याला माझा काही उपयोग होणार होता.

"त्यानं हळू वाजवलंय न्हवं?" दाजींनी विचारलं.

"हो."

"मग हळूच ऱ्हाऊ दे."

अजून कधी रविवारी मी सांगलीहून तिकडं जातो. चहा होतो, आणि दाजी गाणं लावतात. ताई आता गोठ्यात जात नाहीत. सुरुवातीच्या गडगडाटाला कानात बोटं घालतात, पण बसतात. मधला भाग आला की बोटं काढतात, आणि दाजी वळून त्यांच्या तोंडाकडं बघत राहतात. मागच्या खेपेला नेमकं तेव्हाच मी ऊसदराबद्दल काही तरी विचारायला तोंड उघडलं. दाजींनी ताईंच्या चेहऱ्यावरची नजर न काढता हात वर केला आणि मला गप्प बसवलं.