तिन्ही एकाच कागदावर

"अशी, का अशी?" हे विचारताना वकीलसाहेब आधी दोन्ही तळहात एकापुढं एक धरायचे, मग एकावर एक ठेवायचे. भाजीवालीपासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना त्यांनी हे करून दाखवलं होतं. पोरांनो, तिकडं परदेशात तुम्हाला कोण दाखवणार, म्हणून लिहिते.

एकाच पोरावर तीन खटले असले, की तीन शिक्षा होतात. न्यायाधीशांनी 'एकत्र भोगाव्यात' असं लिहिलं, तर त्या एकावर एक. नाही लिहिलं, तर एक संपली की दुसरी सुरू. "एका ओळीचा खेळ हाय, बाई," ते म्हणायचे. विशीच्या आतल्या पोरांसाठी ही एक ओळ मागण्यात त्यांची उभी वकिली गेली.

ते आमच्या शेजारी राहायचे. कोटावर चहाचे डाग, आणि अक्षर असं, की मुंग्या शाईत बुडून निघाल्यात. अर्ज इंग्रजीत करायची हौस, म्हणून तपासायला माझ्याकडं यायचे. मी इंग्रजीची मास्तरीण; शाळा सुटली तरी माझं लाल पेन सुटलं नव्हतं.

"कापा, कापा. पण जीव ठेवा त्यात."

येडशीकडच्या एका एकोणीस वर्षांच्या पोरानं एका आठवड्यात तीन विहिरींवरच्या मोटारी चोरल्या आणि तिन्ही गुन्हे कबूल केले. वकीलसाहेबांनी तिन्ही खटले एकाच पानात कोंबले होते, बाणांनी एकमेकांना जोडून. मला ते बघवेना.

"तीन खटले, तीन अर्ज. ज्याचं त्यात," मी म्हणाले.

"राहू द्या की एकाच कागदावर. एकमेकांना धरून राहतील."

"हे कोणी वाचेल तरी का?"

ते हसले. "तुमच्यापुढं आमची वकिली चालत न्हाय."

मी तीन स्वच्छ अर्ज करून दिले. 'इतर शिक्षांसोबत भोगावी' एवढं ठेवलं. बाकीच्या खटल्यांचे नंबर तेच ते होतात म्हणून कापले.

तिन्ही अर्ज तीन फायलींत गेले आणि त्यांना तीन तारखा पडल्या. मधेच न्यायाधीश बदलले. नव्यांनी विचारलं, इतर म्हणजे कोणत्या? वकीलसाहेबांनी तोंडी सांगितलं, तळहातही दाखवले. कागदावर नाही, असं उत्तर मिळालं. ती ओळ आलीच नाही. एकेक वर्ष, तीनदा.

त्या संध्याकाळी ते आमच्या टेबलाशी बसले. काय झालं, विचारलं, तर दोन्ही तळहात एकापुढं एक ठेवले. तिसऱ्याला हात नव्हता. मी माझा ठेवला.

मग म्हणाले, "अर्ज मात्र लई देखणे होते, बाई."

ते रागावले असते, तर मला बरं वाटलं असतं.

वरच्या कोर्टात त्यांनी अपील केलं. त्याला नुसत्या तारखा पडत राहिल्या, आणि यंदाच्या थंडीत ते छातीच्या दुखण्यानं गेले. पोराचं दुसरं वर्ष चालू आहे. त्याची आई तेराव्याला आली होती. "साहेब गेले. आता माझं पोरगं कवा येईल, बाई?"

ते बाणांचं पान मी जपून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात ते घेऊन मी अपिलासाठी नव्या वकिलाकडं गेले. तरुण आहे, कोटाला इस्त्री. त्यानं पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"आजी, हे जरा नीट करून आणता का? एकेक खटला वेगळा."

"नाही," मी म्हणाले. "असंच राहू दे."