तीनदा ओढलेलं कुलूप

माझं जे काही नाव झालं ते एका कुलपामुळे झालं, आणि ते कुलूपही खरं नव्हतं. त्याला किल्लीच नव्हती.

तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची एक विनोदी मालिका लागायची. तिच्यात मी वऱ्हाडातून आलेली शेजारीण होते. सुरुवातीला मला फक्त चार वाक्यं होती. साखर मागायची, भलतंच काहीतरी बोलून जायचं आणि निघायचं. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, नुसत्या जाऊ नका, जाताना काहीतरी करा." मला काही सुचेना. मग मी माझ्या आईचं केलं. दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. दोन पावलं गेले, परत आले, ओढलं. पुन्हा गेले, आणि "थांबा जी, पाह्यतो एकडाव," म्हणत तिसऱ्यांदा येऊन ओढलं. कॅमेरामन हसला, चित्र हललं, म्हणून सगळं पुन्हा करावं लागलं. त्यानंतर एकही भाग कुलपावाचून गेला नाही.

दार प्लायवूडचं होतं आणि भिंत मागून दोन लाकडी टेकूंवर उभी असायची. तीनदाच ओढायचं, अशी मला सक्त ताकीद होती, कारण चौथ्या हिसक्याला भिंत हलायची. हसणं नंतर चिकटवायचे. त्यासाठी एक ठरलेली टेप होती, आणि तिच्यात एक बाई सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटीच हसायची. तिच्यासाठी मी तिसऱ्या ओढीनंतर थोडा वेळ गप्प उभी राहायला शिकले.

आई खरंच तसं करायची. ती हिंगणीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वर्ध्यातलं आमचं घर बंद करून आम्ही कुठे निघालो, की बाबा कोपऱ्यावर सायकल धरून घंटी वाजवत उभे, आणि आई अजून दाराशीच. लहानपणी मला त्याची फार लाज वाटायची. मैत्रिणी बघतील म्हणून मी पुढे चालायला लागायची. ज्याची लाज वाटायची तेच पुढे विकलं, असं म्हटलं तरी चालेल.

पहिला भाग लागला तेव्हा आईचं पोस्टकार्ड आलं. शाळेच्या फळ्यावर असतं तसं सुरेख अक्षर. "कार्यक्रम पाहिला. आवाज स्पष्ट आला. साडी चांगली होती. तब्येत सांभाळ." कुलपाबद्दल अवाक्षर नाही. मी ते कार्ड तीन-चार वेळा वाचलं, आणि आईची काही हरकत नाही असा सोयीचा अर्थ काढून मोकळी झाले.

मालिका संपली, पण माझं कुलूप सुटलं नाही. हार्डवेअरच्या दुकानांची उद्घाटनं, कॉलेजांची गॅदरिंगं, सगळीकडे एकच मागणी. एकदा मात्र मला एक गंभीर नाटक मिळालं, मुलगा गमावलेल्या बाईचं. नागपूरच्या प्रयोगाला मी पहिल्या रांगेत आईसाठी खुर्ची राखून ठेवली होती. शेवटच्या प्रवेशात मी रडून उठले आणि दाराकडे निघाले, तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, कुलूप!" आख्खं सभागृह हसलं. आईची खुर्ची रिकामीच होती. आईला नाटकवाल्यांचं जगणं पसंत नसावं, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली. हसण्यापेक्षा ती खुर्चीच मला जास्त लागली.

दोन वर्षांपूर्वी सगळा गाशा गुंडाळून मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला आईकडे राहायला आले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. मी मुळातली घाबरट. इथे आल्यावर तर माझा जीव सतत टांगणीला लागला, कारण आईला दिसेनासं झालं होतं. चहा कपाच्या बाहेर पडायचा. मेथी निवडताना तिला अळी दिसायची नाही. मी गुपचूप ती भाजी पुन्हा निवडायची. पायरी उतरताना ती पाय हवेत चाचपायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. डाव्यावर फार भरवसा ठेवू नका. आणखी थांबलात तर अवघड होईल."

ऑपरेशनची पहिली तारीख आली, तर आई म्हणाली, आज सिलेंडरवाला येणार आहे. दुसऱ्या तारखेला तिचा गुडघा धरला. मी चिडले, समजावलं, रडलेसुद्धा. नातेवाईकांना फोन केले तर सगळ्यांचं एकच ठरलेलं वाक्य: "तिला बाहेर जायला आवडतच नाही, तुला माहीत आहे ना!" मला माहीत होतं. आई लग्नांना गेली नाही, बारशांना गेली नाही, केळझरच्या गणपतीलाही कित्येक वर्षांत गेली नाही, आणि दर वेळी आम्ही हेच वाक्य म्हणत आलो.

तिसऱ्या तारखेला मात्र आई तयार झाली. साडी नेसली, चपला घातल्या, फाइल हातात घेतली. दारात ऑटो उभा होता. मी कुलूप लावलं. ऑटोवाला चाळिशीचा, जाड मिशांचा माणूस. तो माझ्याकडे निरखून बघत होता. एकदम म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्या कुलूपवाल्या नं? लहानपणी आमच्या घरचे सारेच पाह्यत जी! एकडाव करून दाखवा नं!"

आणि मी केलं. जित्याची खोड. आईची फाइल, तिचा डोळा, घड्याळ, सगळं क्षणभर विसरले. ओढलं, दोन पावलं गेले, परत आले, ओढलं. "थांबा जी, पाह्यतो एकडाव!" तिसऱ्यांदा ओढून गप्प उभी राहिले. ऑटोवाल्यानं मांडीवर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

मी वळले, तर आई फाटकातून परत येत होती. "पोट दुखून राह्यलं माह्यं," म्हणाली. "उघड दार."

दुपारी ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. डोळ्यांनी नाही, बोटांनी. मी समोर बसले. मला राग आला होता, भीतीही वाटत होती. असंच चाललं तर ही एक दिवस आंधळी होईल आणि मी बघत बसेन. घराबाहेर वऱ्हाडी मी फक्त विनोदापुरती वापरली. आईशी मात्र आपोआप तसंच बोलते.

"खरंच दुखते का पोट?"

"नाई."

"मंग परतली काऊन?"

आईनं दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "ते तू करून दाखवलं नं त्याले."

"त्यानं म्हटलं म्हणून केलं, आई. गंमत होती."

"हो. गंमतच हाय ते."

तिनं पुढची शेंग उचलली. मग मान वर न करता ती सांगू लागली. "तू टीव्हीत आली तवा मी नोकरीवरच होती. शाळा सुटली का हेडमास्तर कपाटाले कुलूप लावे अन् तीनदा ओढे. सारा स्टाफ हासे. मीबी हासली. घरून निघालं का गल्लीतले लोक म्हणत, थांबा जी, पाह्यतो एकडाव. मंग मी ओढनंच बंद केलं."

"मंग?"

"मंग का. ओढलं नाई तं जीव राहे नाई. आर्ध्या रस्त्यात घामच फुटे. अन् ओढलं तं लोक हासे. नोकरी होती तोवर गेली कशीबशी. मंग घरीच राह्यली. घरी राह्यलं का कुलपाचं कामच नाई."

तेव्हा मला कळलं घोडं कुठं पेंड खात होतं ते. सिलेंडर नाही, गुडघा नाही. बाहेर जायला न आवडणारी आई, असं जे आम्ही इतकी वर्षं सांगत होतो, ती आई मी तयार केलेली होती.

"तुया नागपूरच्या नाटकाले निघाली होती मी," आई म्हणाली. "नवी साडी नेसली होती. सेलूपर्यंत गेली. सेलूले उतरली, अन् दुसऱ्या गाडीनं वापस आली."

"अन् कुलूप?"

"लागलेलंच होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मले सांगतलं काऊन नाई, आई? मी बंद केलं असतं ते."

"काय सांगू? तुयं नाव होऊन राह्यलं होतं." आणि तिनं शेंगांची टरफलं पदरात गोळा केली आणि उठली. उठताना भिंत चाचपली.

चौथी तारीख मिळाली ती पंधरा दिवसांनंतरची. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी आईला विचारायची, समोरच्या कॅलेंडरवरचा आकडा दिसतो का. दिसतो म्हणाली तरी भीती, नाही म्हणाली तरी भीती. शिवाय दुसरी एक धास्ती होती, ती मी कोणाला सांगू शकत नव्हते: या वेळी आई उंबऱ्याबाहेर निघालीच नाही तर तो डोळा माझ्यामुळे गेला, हे मला जन्मभर माहीत राहणार.

त्या दिवशी सकाळी मी ऑटो कोपऱ्यावर उभा करायला सांगितला. ऑटोवाला तोच होता. त्याला आधीच फोनवर बजावलं, "आज कुलपाचं नाव काढायचं नाही." तो म्हणाला, "काऊन जी?" मी म्हटलं, "सांगते मग." नऊपर्यंत दवाखान्यात पोचायचं होतं. उशीर झाला तर त्या दिवशी ऑपरेशन नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आठ वाजून गेले होते. या वेळी किल्ली मी आईच्या हातात दिली. तिनं बोटानं कुलपाचं भोक शोधलं, किल्ली फिरवली, काढली, आणि न ओढता ताठ मानेनं पायऱ्या उतरायला लागली.

"आई, ओढून पाह्य."

"राहू दे. चाल."

"ओढ नं. मी उभी हाय इथं."

समोरच्या घरातल्या बाई अंगणात झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी हात थांबवला. आईनं तिकडे पाहिलं. तिला चेहरा दिसत नव्हता, पण कोणीतरी बघतंय एवढं कळत होतं. मी मधे जाऊन उभी राहिले. माझ्या काटकुळ्या अंगानं काय झाकलं जाणार होतं कोण जाणे. पण आई पायरी चढली आणि तिनं कुलूप ओढलं.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा माझा श्वास आपोआप थांबला, त्या टेपवरच्या बाईसाठी थांबायचा तसा. कोणी हसलं नाही. आईनं चौथ्यांदा ओढलं, पाचव्यांदा ओढलं. फाटकापर्यंत गेली, परत आली. दोन्ही हातांनी धरून ओढलं. पुन्हा गेली, पुन्हा आली. मी मोजत होते. कशासाठी मोजत होते, सांगता येणार नाही. अकरा झाले. माझ्या हातातलं घड्याळ पुढे सरकत होतं आणि मला दरदरून घाम फुटला होता. मनात आलं, इतक्या वर्षांचं साचलेलं आहे, आता ही थांबलीच नाही तर? नऊ इथेच वाजले तर? पण चल म्हणायची माझी छाती झाली नाही. ते म्हणायचा हक्क मी कधीच गमावला होता.

चौदाव्या वेळेला तिनं तळहात कुलपावर नुसता ठेवला. मग म्हणाली, "चाल."

ऑटोत बसल्यावर तिनं विचारलं, "लागलं होतं नं?" मी म्हटलं, "हो आई, पक्कं लागलं होतं." पुलावर पुन्हा विचारलं. मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी मी ती पहिल्यांदाच विचारतेय अशा आवाजात उत्तर दिलं. ऑटोवाला आरशातून बघत होता. त्यानं ऑटो जोरात हाणला. नऊला पाच मिनिटं असताना आम्ही पोचलो.

आत आईला बाकावर बसवून नर्सनं तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. थोड्या थोड्या वेळानं आणखी थेंब घालायचे होते. मी शेजारी बसून तिचा हात धरला. ऑपरेशनला उशीर झालाय का, डाव्या डोळ्याचं काय, आत गेल्यावर ही घाबरली तर काय, सगळं डोक्यात चाललं होतं.

डोळे मिटलेले असतानाच आई म्हणाली, "तू टीव्हीत तीनदाच ओढे."

मी मांडीवरची फाइल बाजूला ठेवली.

"मी तवाच तुया बाबाले म्हटलं होतं. तीनदात कोनाचं समाधान होते? ते काई बरोबर जमलं नाई तुले."

"तिथली भिंत खोटी होती आई," मी म्हटलं. "चौथ्यांदा ओढलं असतं तं पडली असती."

आईच्या मिटल्या डोळ्यातून औषधाचा एक ओघळ गालावर आला होता. तो तिनं पदरानं टिपला.

"मंग पडू द्याची होती वं," ती म्हणाली.