कल्याणला नेलेली एरंडेलाची बाटली

आमच्या ठाण्याच्या भातगिरणीतल्या वाफेच्या इंजिनाचं मोठं बेअरिंग तिसऱ्यांदा तापलं, तेव्हा मी मालकांना सांगून टाकलं, "धोंडू वेळेवर तेल घालत नाही." धोंडू आमचा तेलवाला, बाळकुमचा. त्याच दिवशी त्याला घरी बसवलं. पुढचा आठवडाभर मी स्वतः तेल घातलं, तरी बेअरिंग तापलंच. मग वापरातल्या एरंडेलाची बाटली भरून मी कल्याणला तात्यांकडे निघालो. इंजिनाचं काम मला त्यांनीच शिकवलं.

कल्याणला आगगाडी आहे, पण एकदा तरी खाडीतून मचव्याने जावं. भरती लागली की सुटतो, माणशी दोन आणे. भाकरी, पाणी आपलं न्यावं आणि छत्री विसरू नये. वाटेत सावली म्हणून नाही.

तात्यांनी थेंब चिमटीत धरून बोटं फाकवली. लांब तार आली.

"किती दिवसांचं?"

"दोन महिन्यांचं. खाली ठिबकलेलं गाळून पुन्हा वर ओततो. नव्यापेक्षा दाट झालंय, म्हणजे चांगलंच ना?"

तात्यांनी एका वाटीत नवं तेल, दुसरीत माझं घेतलं आणि दोन्हींच्या काठावरून लोकरीची एकेक वात खाली सोडली. इंजिनातही तेल असंच वातीवाटे उतरतं. आम्ही जवळा-भाकरी खाऊन उठेपर्यंत नवं तेल निम्मं उतरलं होतं. माझ्या वातीखाली जेमतेम चार थेंब.

"नवं तेल तापलं की पातळ होतं, निवलं की परत दाट," तात्या म्हणाले. "हे उष्णतेने, हवेने चिकट झालंय. आता मूळपदावर येत नाही."

"म्हणजे धोंडू..."

"तो तेल घालतच होता. ते खाली पोचत नव्हतं."

परतीला आगगाडी धरली. ठाण्याला उतरून घरी न जाता बाळकुमला चालत गेलो. धोंडू अंगणात जाळं विणत होता. मी सगळं सांगितलं. त्याने हातातली गाठ पुरी केली.

"मिस्त्री, माज्या दारान सांगून काय? मालकाचे समोर सांगा."

दुसऱ्या दिवशी सांगितलं. मालक मला बरंच बोलले, मग धोंडूला बोलावणं धाडलं. आता तेल ठरल्या दिवशी बदलतो. बेअरिंगवर हात ठेवता येतो. धोंडू मात्र इंजिनावरचं तेलाचं भांडं भरलं की दरवेळी हाक मारतो, "मिस्त्री, बघून घ्या." मी काम टाकून जातो आणि बघतो.