आमच्या हॉलमधला इंटरव्ह्यू

शाळेतून रिटायर झाल्यावर मी श्रीरामपुरात आमच्या घरच्या हॉलमध्येच दर रविवारी पोरापोरींचे सरावाचे इंटरव्ह्यू घ्यायला लागले. इथून तयार होऊन गेलेलं पोर एक तर नोकरी घेऊन येतं, नाहीतर किस्सा. किस्सेच जास्त जमलेत. पण मी चिवट आहे, आणि ही पोरं माझ्याहून चिवट.

*

सुरुवातीला साहेबांच्या खुर्चीत मी आमच्या ह्यांना बसवलं होतं. माणूस दिसायला भारदस्त, स्वभाव मात्र लोण्यासारखा. पुणतांब्याचा गोरख पहिल्यांदाच आलेला, स्वतःचं नाव सांगताना अडखळला. ह्यांनी त्याला पाणी दिलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "घाबरू नका, झाली तुमची निवड."

त्या दिवसापासून खुर्ची माझी. हे चहा करतात.

*

गोरखचा पहिला खरा इंटरव्ह्यू बियाण्यांच्या कंपनीत होता. मोठ्या माणसांसमोर जाताना पायताण दाराबाहेर काढायचं, ही त्याची घरची शिकवण. नवेकोरे बूट केबिनबाहेर ठेवून पठ्ठ्या मोज्यांवर आत गेला, आणि एका मोज्यातून अंगठा बाहेर! समोरचे तिघं शेवटपर्यंत त्या अंगठ्याकडेच बघत होते म्हणे.

मी त्याला बजावलं, "काही झालं तरी बूट काढायचे नाहीत."

पुढचा इंटरव्ह्यू निघाला दूध डेअरीत. दारावर पाटी, 'चप्पल-बूट बाहेर काढावेत.' शिपाई मागून ओरडतोय आणि गोरख बुटांसकट आत. वर त्यालाच सांगतो, "आमच्या बाईंनी न्हाई सांगितलंय."

*

तिसऱ्या खेपेला पाय सांभाळले, पण तोंड सुटलं. शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं विचारतात, तेव्हा गप्प बसू नका, हे मीच शिकवलेलं. गोरखनं विचारलं, "साहेब, गाव कुठलं आपलं?"

साहेबांची सासुरवाडी निघाली पुणतांब्याच्या शेजारची. मग पाऊसपाणी झालं, पेरूच्या बागा झाल्या. मी विचारलं, "अरे, नोकरीचं काय?"

"ते बोलायचं राहूनच गेलं, बाई. पन साहेब रविवारी पेरू न्यायला येनार हायेत."

चौथ्या ठिकाणी मात्र लागला एकदाचा. मला इतका आनंद झाला की मी ह्यांच्या हातचा दुसरा चहासुद्धा घेतला.

*

पाथर्डीकडच्या रेखाचं उलटं. ती बोलायचीच नाही. तिचे आईवडील दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. रेखा इथे मावशीकडे राहून बी.कॉम. झाली. यंदा वडिलांनी सांगून टाकलं होतं, दसऱ्यापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर आमच्याबरोबर उसाच्या फडावर. माझ्या जिवाला घोर लागला.

तिचा आवाज फुटावा म्हणून मी स्वयंपाकघरात मिक्सर लावायचे आणि तिनं अंगणातून उत्तरं द्यायची.

"तुमच्यातला एखादा दोष सांगा."

"मला राग लवकर येतो!"

शेजारच्या काकू हातातलं लाटणं घेऊनच आल्या. "अहो, कोण भांडतंय?"

एवढं करूनही तीन ठिकाणांहून तिला 'कळवतो' म्हणून परत पाठवलं. कोणी काही कळवलं नाही. ती मात्र दर रविवारी अंगणात हजर.

*

दसरा तोंडावर आला आणि नगरच्या एका गोडाऊनमधून बोलावणं आलं. स्टॉक सांभाळायचं काम. रेखाची उत्तरं बरी गेली. समोरच्या मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. कळवतो तुम्हाला."

रेखा उठलीच नाही.

"मॅडम, आमच्याकडं पोरगी बघून गेलेले पाव्हनेबी असंच म्हनतात, कळवतो. ते कधीच कळवत न्हाईत. न्हाई असंल तर तोंडावर न्हाई म्हना."

मॅडमनी शेजारच्या साहेबांकडे बघितलं. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. मग मॅडम म्हणाल्या, "बरं, घेतलं तुम्हाला. दिवाळी झाल्यावर रुजू झालात तरी चालेल."

"न्हाई मॅडम," रेखा म्हणाली, "उद्या येते."