बूट दाराबाहेर होता

सोमवारी भास्करभाऊंचा गुडघा जायचा होता, आणि शुक्रवारी सकाळी ते तिसऱ्यांदा माझ्या बाकावर बसले होते. मी त्यांचा कृत्रिम पाय मांडीवर घेऊन आतून बोटांनी चाचपत होते. काही सापडत नव्हतं.

मी वर्ध्यातल्या एका दवाखान्यात कृत्रिम पाय बनवते. सारी उमर यातच गेली. मॅडम चिडक्या आहेत असं पेशंट म्हणतात, आणि खोटं नाही ते. भास्करभाऊ कारंज्याकडचे. आधी ट्रक चालवायचे. अपघातात उजवा पाय गेला, गुडघ्याखाली चार बोटांएवढा भाग तेवढा राहिला. या उरलेल्या भागाला आम्ही स्टंप म्हणतो, आणि तो ज्या प्लास्टिकच्या खोलगट कपात बसतो त्याला सॉकेट. चार बोटं म्हणजे फार नाही. पण गुडघा शाबूत होता, आणि गुडघा असला की माणूस बराच माणसात राहतो. भास्करभाऊ आता हायवेवरच्या एका धाब्यावर भट्टी सांभाळत. दोन वर्षं मी दिलेल्या पायावर दिवसभर उभे राहत. मला त्याचा अभिमान होता, का खोटं बोलू.

मग तीन आठवड्यांपूर्वी ते लंगडत आले.

"मॅडम, पाय उचलला का खालून कोनी धरून राह्यलं."

"कुठे धरतं?"

"अंगठ्याखाली."

अंगठा नाहीच. पण याचं मला नवल नाही. कापलेला पाय दुखतो, खाजतो, त्याला मुंग्या येतात, असं निम्मे पेशंट सांगतात. याला फँटम म्हणतात. पाय गेला तरी मेंदू त्याची जागा रिकामी करत नाही. मी गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे पाठवलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा स्टंप लाल झाला होता. जेवण तुटलं होतं, गालफडं बसली होती. सर्जन सरांनी तपासलं. नसेला गाठ झाली असावी, आणखी वर कापावं लागेल, असं त्यांचं मत पडलं. चार बोटांतून आणखी वर म्हणजे गुडघा गेलाच.

त्या शुक्रवारी सरांचा फोन आला.

"मॅडम, फिटिंगमध्ये दोष आहे का? आहे किंवा नाही, एवढंच लिहून द्या."

"बघतेय सर."

"तीनदा बघितलं तुम्ही."

"चौथ्यांदा बघते."

"दुपारपर्यंत कागद पाठवा," म्हणाले आणि ठेवला फोन.

दोष नव्हता. सॉकेट नीट होता, पट्टे नीट होते, पावलाचा कोन नीट होता. आमची पेशंटला चालवून बघायची खोली आहे. तिथे भिंतभर आरसा आणि दोन समांतर दांड्या. फरशी स्वच्छ लागते, म्हणून दारावर माझ्याच अक्षरात पाटी आहे: पादत्राणे बाहेर काढावीत. कृत्रिम पायातला बूटसुद्धा बाहेरच्या रॅकवर ठेवायचा. आत आमचे तपासणीचे स्वच्छ बूट असतात, तेवढ्याच टाचेचे. ते घालून भास्करभाऊ आरशासमोर सरळ चालत. चाल बघून कोणी म्हणालं नसतं की पाय नकली आहे. आणि तरी चेहरा पिळवटलेला.

मला वाटलं, माणूस नाटक करतोय. असं वाटल्याची आज लाज वाटते.

त्यांच्या पत्नी, शीलाताई, कोपऱ्यात बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मॅडम, रागावसान नाई तर सांगतो."

"सांगा."

"पाय कापला तवा आमी थो घरी नेलता. शेताच्या धुऱ्यावर गाडला, पळसाखाली. यंदा तिथून ट्रॅक्टर गेला. माती उलटीपालटी झाली. मले वाटते, थो ह्यायले बोलावून राह्यला."

असं बोलणं मी बरंच ऐकलं आहे. उडवून लावते एरवी. त्या दिवशी उडवलं नाही. बाहेर एप्रिलचं ऊन होतं, सकाळचे अकरा वाजले होते, वर पंखा फिरत होता, आणि माझ्या हातांवर काटा आला.

मी पाय बाजूला ठेवला. पेशंटला नेहमी विचारते तोच प्रश्न विचारला. "भाऊ, आत्ता दुखतंय? बोट दाखवा बरं, नक्की कुठे."

पेशंट अशा वेळी स्टंपच्या खाली हवेत बोट दाखवतात. भास्करभाऊंनी हात उचलला आणि दाराकडे दाखवलं.

"तिथं."

"घरी जायचंय का?"

"नाई मॅडम. तिथं धरून राह्यलं. तुमी पाय काढून घेतला तरी तिथंच हाय."

मी बाहेर गेले. रॅक पत्र्याचा, उन्हात तापलेला. त्यांचे काळे बूट खालच्या फळीवर. डावा उचलला. उजवा उचलायला गेले तर आला नाही. जोर लावून ओढला.

आतून भास्करभाऊ कण्हले.

मी हात सोडला. थांबले. पुन्हा ओढला, हळूच. पुन्हा तेच. बूट थोडा उचलला गेला तेव्हा त्याखाली गुलाबी-काळी तार लांबत गेली. च्युइंग गम. कुठल्या तरी स्टँडवर पाय पडला असेल. उन्हाने पातळ होऊन फळीला चिकटलं होतं, बरोबर अंगठ्याच्या खाली.

या पायातला बूट रोज काढायचा म्हणजे वैताग असतो. घरी लोक बुटासकट पाय काढतात आणि दारामागे उभा करतात. त्यामुळे त्या बुटाचा तळ कोणी बघत नाही. मी तीनदा तपासलं, आणि तिन्ही वेळा बूट माझ्या पाटीमुळे बाहेर राहिला.

च्युइंग गम ओरबाडायचं नसतं. ते गार करून कडक करतात. फिजिओथेरपीच्या फ्रीजमधून मी बर्फ आणला, पिशवीत घालून तळाला दाबून धरला. मधे पडदा होता. आतून मी दिसत नव्हते, हे मी नंतर त्यांच्या बाकावर बसून पाहिलं.

"गार लागून राह्यलं," भास्करभाऊ आत बायकोला म्हणाले. "अंगठ्याले."

मी मुद्दाम बर्फ मागे सरकवला.

"आता टाचेले."

मी डाव्या बुटाला बर्फ लावला. आत काही नाही. पुढे प्रयोग करायचा माझा धीर झाला नाही. प्लास्टर खरवडायची बोथट पट्टी घेऊन मी कडक झालेल्या गमाच्या कडेला लावली.

"हळू, मॅडम," आतून आवाज आला.

त्यांना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. पुढची दहा मिनिटं मी ते गम असं काढलं, जसं जखमेवरची पट्टी काढतात. शेवटचा डाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि मग त्यावर फुंकर घातली. का घातली, माहीत नाही.

आत गेले तेव्हा ते बसल्या जागी झोपले होते. शीलाताई रडत होत्या.

सरांना मी लिहून दिलं: फिटिंगमध्ये दोष नाही. बुटाच्या तळाला च्युइंग गम होतं, काढलं. एक आठवडा थांबावे.

लगेच फोन. "हे काय लिहिलंय?"

मी समजावलं. गम फरशीला धरतं, दर पावलाला सॉकेट खाली ओढला जातो, तो हिसका चार बोटांच्या स्टंपवर बसतो. मग मी बर्फाचंही सांगितलं.

"मेंदूत पायाचा नकाशा असतो, मॅडम."

"त्यात बूट कसा आला, सर? तोही बाहेरच्या रॅकवरचा?"

"तेवढं कागदावर घेऊ नका," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं नाही. भास्करभाऊंचा गुडघा जागेवर आहे, ते भट्टीवर आहेत. शीलाताईंनी धुऱ्यावर माती ओढली आणि भोवती दगड लावले. मी नको म्हटलं नाही.

दारावरची पाटी मी काढून टाकली. आता पेशंटचा बूट आधी तपासते, तळासकट, मग सॉकेट. धंद्याचा धडा एवढाच. आणखी एक सवय लागली आहे. कृत्रिम पाय उचलण्याआधी मी विचारते, "हात लावू का?" पेशंट चार हात लांब बसलेला असला तरी विचारते. बहुतेक जण हसतात. काही जण हसत नाहीत. म्हणतात, लावा, पण सांभाळून.