रेडिएटरमधलं गोडं पाणी

त्या वर्षी मी देवीचं पाणी बंद केलं होतं. आमच्या खाडीकाठच्या गावात रीत अशी, की सकाळी विहिरीवरून आणलेल्या पहिल्या हंड्यातला एक तांब्या गावदेवीच्या शिळेवर ओतायचा आणि मगच चूल पेटवायची. सासू करत आली, तिच्यामागे मी करत राहिले. अंगात ताप असला तरी केलं, घरात भांडण असलं तरी केलं. आणि एका सकाळी मी तांब्या भरून देवळाच्या पायरीपर्यंत गेले आणि तसाच घरी परत आणला. ते पाणी मी डाळीत घातलं. कोणाला बोलले नाही. मी बोलणारी नाहीच. चार बायकांत बसले तरी पदर ओढून ऐकत राहते. पण आतून मी त्या दिवसांत सारखी धुमसत होते, आणि सगळ्यात जास्त राग देवीवरच होता.

राग कशाचा, तर आधी शेताचा. खाडीच्या बांधाआत आमचं भाताचं शेत होतं. नवीन शहर होणार म्हणून ते सरकारने घेतलं. मोबदला मिळाला त्यातून यांनी एक जुनी पिकअप गाडी घेतली, बंदरावरची मासळी बाजारात न्यायला. शेत गेलं आणि त्याची गाडी झाली. मी मनातल्या मनात त्या गाडीला शेतच म्हणायचे. दसऱ्याला तिच्या चाकाला हळदकुंकू लावताना मला बांधावर उभं असल्यासारखं वाटायचं. आमच्या शेताच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या प्रत्येक मजल्यावर नळ आले. आणि आम्ही बायका मात्र गोड्या पाण्यासाठी हमरस्ता ओलांडून डोंगराकडच्या विहिरीवर जायचो, कारण उन्हाळ्यात गावातली विहीर खारट होते. त्या इमारतींच्या गच्चीवरून पाण्याची टाकी भरून वाहताना दिसायची. डोक्यावर हंडा घेऊन मी ते बघत बघत घरी यायचे, आणि देवीला म्हणायचे, तुझे डोळे फुटले का?

मग गाडी तापायला लागली. बंदरावरून निघाली की थोड्याच वेळात पुढच्या झाकणातून वाफ यायची आणि गाडी थांबायची. मासळी ती, उन्हात थांबली की गेलीच. इंजिन ज्या पाण्याने थंड राहतं, ते पाणी समोरच्या एका जाळीच्या डब्यात फिरत असतं. त्याला रेडिएटर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. गावातल्या मेकॅनिकने तो काढून अंगणात आमच्या समोर आडवा केला. आतून पांढरे थर निघाले, जसे मिठागराच्या बांधावर जमतात. नळ्या सडून गेल्या होत्या.

मेकॅनिक म्हणाला, "दादा, यान खाडीचं पानी कोनी घातलं?"

हे जमिनीकडे बघत राहिले. मेकॅनिक गेल्यावर मी विचारलं, "अवो, खाडीचं पानी? गाडीत?"

"बंदरावर हाताशी होतं."

"घरान हंडे भरलेले असतात ना? मागायला काय झालं होतं?"

"तू उन्हातून डोक्यावरून आनतेस. तुझं पानी गाडीला कसं मागू?"

मला कोणी शिवी दिली असती तर ती कमी लागली असती. माझी दया येऊन यांनी गाडी मारली. मला न विचारता, न सांगता, रोज बादलीभर खारं पाणी त्या गाडीच्या पोटात ओतत राहिले, आणि मी घरात हंड्यांवर झाकण ठेवून बसले होते. ओरडताही येईना, कारण माणूस मनाने चांगला. वाईट माणसावर रागावता येतं. चांगल्या माणसावरचा राग बाहेर पडायला वाट सापडत नाही, तो घरातच फिरत राहतो. त्या रात्री मी भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी देवीचं पाणी बंद केलं.

गाडी इतकी जुनी, की तिचे भाग कंपनीने बनवायचे बंद केले होते. मुंबईच्या मोठ्या दुकानात हे जाऊन आले. तिथल्या माणसाने म्हणे हसून सांगितलं की ही गाडी संग्रहालयात द्या. शेवटी उरलं तुर्भे. तिथे कारखान्यांच्या मागे मोडलेल्या गाड्यांचे भाग विकणाऱ्यांची एक गल्ली होती. हे म्हणाले, तिथे मिळाला तर मिळाला, नाहीतर गाडी तिथेच भंगारात देऊन एसटीने परत येऊ. जेवताना कोशिंबीर मागावी तितक्या सहज म्हणाले. माझा घास हातात राहिला. शेत देताना मला कोणी नेलं नव्हतं. पुरुष गेले, सह्या करून आले, मला चुलीपाशी कळलं. या वेळी मी म्हटलं, "मी येनार."

"अगो, ती गॅरेजवाल्यांची गल्ली. तू काय करशील तिथं?"

"बसेन."

मेकॅनिकने तोच सडका रेडिएटर कसाबसा परत बसवून दिला. वाटेत पुन्हा पुन्हा पाणी घालावं लागणार म्हणून मी पहाटे आणलेले दोन्ही हंडे गाडीत चढवले. हमरस्त्यावर आम्ही निघालो, थांबलो, पाणी ओतलं, पुन्हा निघालो. आजूबाजूने कारखान्यांचे ट्रक धूळ उडवत जायचे. एक ड्रायव्हर गाडी हळू करून आमच्या वाफेकडे बघत ओरडला, "काय शेठ, चहा टाकलाय काय?" हे हसले. मी हसले नाही. माझ्या डोक्यावरून आलेलं पाणी माझ्या डोळ्यांसमोर वाफ होऊन आकाशात जात होतं. तुर्भ्याला पोचलो तेव्हा दोन्ही हंडे कोरडे होते.

गल्लीत सगळीकडे दरवाजे, चाकं, इंजिनं आणि काळं तेल. तिथे मी एकटीच बाई. हे दुकान दुकान फिरले. कुठे डबा मोठा, कुठे नळीचं तोंड लहान, कुठे बसवायची भोकं जुळेनात. शेवटी एका दुकानदाराने दोन काढून दिले. दोन्ही आमच्या गाडीला चालतील असे. एक काळ्या रंगाने चकचकीत रंगवलेला, त्यात तोंड दिसेल असा. दुसरा हिरवा पडलेला, जाळी एका कोपऱ्यात चेपलेली, वरच्या पितळी टाकीवर कथलाने झाळल्याचा मोठा गोळा.

"शेठ, ये देखो," दुकानदार काळ्यावर हात फिरवत म्हणाला. "एकदम नवरीसारखा. वो दुसरा तो मुर्दा है, कोनी मागेल तर देतो मी."

हे लगेच म्हणाले, "हाच बरा वाटतो."

मला माहीत होतं. गावात तांब्याचा हंडा घेताना कोणतीही बाई त्याच्या लखलखीला भुलत नाही. आधी पाणी भरते, थोडा वेळ ठेवते, खाली बोट फिरवून बघते, मग घेते. पण ते सगळे पुरुष, ती गल्ली. मी यांच्या सदऱ्याला धरून हळू म्हटलं, "त्याला पानी भरून दाखवायला सांगा ना." यांनी सांगितलं. दुकानदार हसला. "पानी? इधर पीने को नही है, शेठ. भाभीला सांगा, हंडे रिकामे कशाला आणले?"

माझे रिकामे हंडे गाडीत दिसत होते. सगळे हसले. बाजूच्या दुकानातलेही हसले. मी गाडीच्या मागे जाऊन फळीवर बसले आणि जिला पाणी द्यायचं मी सोडलं होतं तिलाच मनात बोलायला लागले. हात जोडले नाहीत. म्हटलं, शेत नेलंस, नळ दुसऱ्यांना दिलेस, आता ही उरलेली गाडी अशी हसत हसत नेतेस? मी तुझं तांब्याभर पाणी बंद केलं म्हणून तू माझं बंद करणार असशील, तर तू देवी कसली, तू सावकार. असशील तर दे पाणी. नसशील तर आजपासून तुझं माझं संपलं. असं मी आयुष्यात कोणाला बोलले नव्हते. रागाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

"काय झालं वं माय? अशी का बसलीस?"

डोक्यावर भरलेला हंडा घेऊन एक बाई उभी होती. काळीसावळी, खडीच्या धुळीने पाय पांढरे झालेले. मागच्या डोंगराला खडीच्या खाणी होत्या, तिथल्या वस्तीत मराठवाड्याकडची माणसं राहायची. मी काय बोलले ते मलाच नीट आठवत नाही. गाडी, पाणी, दोन रेडिएटर असं काहीतरी तुटक बोलले असेन. तिने हंडा खाली उतरवला.

"मंग भरून बघ की. पाणीच तं पायजे नं?"

"तुझं पानी कसं घेऊ?" मी म्हटलं. माझ्याच तोंडून यांचं वाक्य बाहेर आलं.

"अगं, मी देऊ लागले नं? घे मुकाट्यानं."

ती थेट दुकानात शिरली. दुकानदार म्हणाला, "ए बाई, ये क्या करती है?" तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. यांनी काळ्या रेडिएटरची खालची नळी फडक्याने बंद केली आणि तिने वरून पाणी ओतलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. दुकानदार म्हणाला, "बघा, बोललो ना?" मग त्या चकचकीत रंगाखालून एक बारीक धार निघाली, मग दुसरी, मग जाळीच्या मधोमध सगळीकडून पाणी झिरपायला लागलं. रंगाने भोकं बुजवली होती, एवढंच. ती बाई म्हणाली, "नवरी रडायली बघा," आणि मघाशी मला हसलेले सगळे आता दुकानदाराला हसले.

मग हिरवा पुढे घेतला. उरलेलं पाणी त्यात ओतलं. मी खाली बसून त्याच्या तळावरून, कडेवरून, झाळलेल्या गोळ्यावरून बोट फिरवलं. माझं बोट कोरडं. पुन्हा फिरवलं. कोरडं. मी उभी राहिले आणि सगळ्या गल्लीसमोर, पदर न ओढता, मोठ्याने म्हटलं, "अवो, हाच."

बसवायचं काम चाललं तोवर ते पाणी माझ्या हंड्यात काढून ठेवलं होतं. तिचा हंडा रिकामा होता. तिला आता पुन्हा नळावर जाऊन रांगेत उभं राहायला लागणार होतं. मी तिचे हात धरले. म्हटलं, "तू माझी देवी होऊन आलीस."

तिने हात सोडवून घेतले. रागावली नाही, पण हसलीही नाही. "आमच्यात देवीबिवी नाई, माय. आमच्या घरात बुद्धाचा फोटो हाय." मग हंडा काखेत घेत म्हणाली, "गावाकडं विहिरीवर आमाला हात लावू देत नव्हते. कुणी वरून ओतलं तं ओंजळीत घ्यायचं, न्हाई तं उभं राहायचं. माझी माय लई उभी राहिली. म्हणून मी पाण्याला नाई म्हणत नाई. देवाचं काई नाई त्याच्यात."

मला वाटलं होतं की पाण्यावरून रागवायचा हक्क या जगात माझ्याएवढा कोणाला नाही. तिचा राग माझ्याहून कितीतरी जुना होता, आणि त्या रागाचं तिने काय केलं होतं, तर रस्त्यात भेटेल त्याला पाणी देत होती.

तिच्या पाण्यावर गाडी गावापर्यंत आली. वाटेत एकदाही थांबली नाही. हे दर थोड्या वेळाने समोरच्या झाकणाकडे बघायचे, मी बघितलं नाही. मी विचार करत होते. यांनी मला पाणी मागितलं नाही. मी देवीला कधी काही मागितलं नाही, नुसतं देत राहिले, आणि मग नुसती रुसले. त्या फळीवर बसून मी पहिल्यांदा मागितलं, तेही भांडून. आलं ते कुठून आलं, यावर मी वाद घालत नाही. जिने दिलं ती म्हणाली देवाचं काही नाही. तिचा शब्द मी खोटा पाडणार नाही. आणि माझ्या मनाला जे वाटलं तेही खोडणार नाही. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं मी समजत होते. कदाचित माझी ओंजळ रिकामी आहे हे तोंडाने सांगणं, म्हणजेच शरण जाणं असेल.

पुढे मी सुकट घेऊन तिला शोधायला गेले. अशा गोष्टींत भेटलेलं माणूस पुन्हा सापडत नाही, असं ऐकलं होतं. ही सापडली. वस्तीच्या नळावर नंबरावरून एका बाईशी कडाकडा भांडत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? पकड हा हंडा, हिला बघते आधी." मी हंडा पकडून उभी राहिले. सुकट तिला खारट वाटली, पण नेली.

देवीची मी माफी मागितली नाही. तिनेही माझी मागितली नाही. शेत परत आलं नाही, आणि टाकी वाहताना दिसली की माझं डोकं अजून तापतं. पण तुर्भ्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी विहिरीवरून आले, तांब्या भरला आणि देवळात गेले. शिळेवर निम्मं पाणी ओतलं. निम्मं तसंच घेऊन घरी आले. हे गाडीचं झाकण उघडून उभे होते. माझ्याकडे बघून घुटमळले, आणि मग म्हणाले, "अगो, पानी दे."

मी दिलं.