कण्हेरीचं कुंपण आणि आत्यांची शेळी

ज्या झाडाला शेळी तोंड लावत नाही म्हणून मी ते खास मागून आणलं, त्याच झाडाचा पाला दोन वर्षांनी मी माझ्या हातानं शेळीपुढे टाकला. वर "खा वो माय, खा" म्हणून तिच्या पाठीवरून हातही फिरवला. लपवून ठेवलं असतं, पण अर्ध्या गावासमोर उघड झालेली गोष्ट लपवायची कुठे?

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला तसा अवकाशच होता. नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीतल्या नोकरीतून रिटायर झाला आणि आम्ही क्वार्टर सोडून लाखांदूरकडच्या त्याच्या गावी राहायला आलो. क्वार्टरपुढे मेहंदीची रांग असायची. माळी ती कात्रीनं इतकी सपाट कापायचा की वर चहाची कपबशी ठेवावी. इथं आले तर सांदवाडीला, म्हणजे घरामागच्या भाजीपाल्याच्या वाडीला, कुंपण म्हणून बोरी-बाभळीच्या काट्या आणि चार वाकडे बांबू. पलीकडे आत्यांचं अंगण. आत्या नात्यानं आमच्या कोणी नाहीत. नवरा लहानपणापासून आत्या म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्यांची मुलं बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, मासे धरतात आणि अंगणातल्या खाटेवर झिंगे वाळत असतात. मी इकडे भेंडी तोडायला वाकले की तिकडून आवाज यायचा, "काय वो सूनबाई, आज बी भेंडीच का? काल बी भेंडीच होती ना!"

नातवंडं झालेल्या बाईला सूनबाई म्हणतात, याचाही मला राग यायचा.

मला प्रायव्हसी पाहिजे होती. हा शब्द मी इतक्यांदा वापरला की नवरा वैतागून म्हणाला, "थे पाहिजे होती त् क्वार्टरमध्येच राहाचं होतं. गावात कायले आणलं मले?" जसं काही मीच त्याला काखेत मारून आणलं होतं!

शेवटी आम्ही लाखांदूरच्या एका नर्सरीत गेलो. मेहंदी मला नको होती, तिला वेळ लागतो म्हणून. ड्युरांटा दिसायला पिवळाधमक, पण आमच्या उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालणार? कोनोकार्पस वर्षात डोक्यावर जातो म्हणे. पण त्याची मुळं पाइपात शिरतात असं नवऱ्यानं कुठंतरी ऐकलं होतं आणि आमचा पाइप नवाच टाकलेला. मी नर्सरीवाल्याला सरळ सांगितलं, "दाट पाहिजे, उंच पाहिजे, लवकर वाढलं पाहिजे, फूल पाहिजे, अन् शेळीनं खाल्लं नाही पाहिजे."

तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या अटीत त् नवरदेव बी भेटत नाही. पण तुम्ही कण्हेर न्या. शेळी तोंड नाही लावत."

आणली कण्हेर. शेळी तोंड का लावत नाही, हे मात्र मी त्याला विचारलं नाही. मला वाटलं, चव नसेल.

लावली तीही माझ्या अकलेनं. जवळजवळ, एका ओळीत, आणि शेंडे खुडायचे नाहीत. खुडले तर उंची कमी होईल ना! कुंपणाच्या झाडाचा शेंडा लहानपणीच मारावा लागतो, तेव्हा ते बुडापासून फुटतं, हे मला कोण सांगणार? सांगायला येणाऱ्याचं मी ऐकून कुठं घेत होते? दोन पावसाळ्यांत कण्हेर माझ्या डोक्याच्या वर गेली. वर पानंच पानं, गुलाबी फुलं, आणि खाली नुसत्या काटक्या. आत्यांना माझं तोंड दिसायचं बंद झालं, पाय मात्र दिसायचे. मी चुपचाप वांगी तोडत असायचे आणि पलीकडून आवाज यायचा, "सूनबाई, पायाले भेगा पडून राहिल्या. तेल लावत जा."

मग मला चेव आला. एका हिवाळ्यात मी मोठी कात्री घेतली आणि कण्हेर कमरेएवढी छाटून टाकली, खालून फुटावी म्हणून. हात लागलाच होता, तर बांधावरची सुबाभूळही छाटली. हा सगळा पाला दोन दिवस एकाच ढिगात उन्हात पडून राहिला.

आमच्याकडे पद्धत आहे. कुणी झाड छाटलं की हिरवा पाला फेकत नाहीत, शेजारच्या शेळीपुढे टाकतात. कुणी मागत नाही, कुणी आभार मानत नाही. आत्यांकडे सगळे टाकायचे, मीच कधी टाकला नव्हता. दोन वर्षं होऊनही गावात मला "क्वार्टरवाली" म्हणत, ते मला लागायचं. म्हटलं, आज दाखवूच. ढीग तसाच कवेत उचलला, दोन खेपा केल्या, आणि आत्यांच्या काळ्या शेळीपुढे टाकला. शेळी गाभण होती, दिवस भरत आलेले. आत्या बोडीकडे गेल्या होत्या. मी अशा ऐटीत परत आले, जसं काही सरपंचाची निवडणूक जिंकले.

दुपारी आत्यांचा ओरडा ऐकू आला. धावत गेले तर शेळीच्या तोंडातून लाळ गळत होती, पोट फुगलं होतं, आणि ती उभी राहायची आणि पुन्हा गुडघ्यावर यायची. आत्या मीठमिरची ओवाळत होत्या. "कोनाची नजर लागली वो, सकाळी त् चांगली होती!" शेजारणी जमल्या. कुणी म्हणालं, फवारणीचं गवत खाल्लं असंल. मी ढिगाकडे पाहिलं. सुबाभळीच्या बारीक पाल्यात ती लांबट पानं, निम्मी चघळलेली. नर्सरीवाल्याचे शब्द माझ्या कानात तेव्हा वाजले, दोन वर्षं उशिरा.

आणि मी गप्प बसले. हेही लिहिते, कारण ते पाला टाकण्यापेक्षा वाईट होतं. नवरा मोटारसायकलवर जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन येईपर्यंत मी गप्प होते. डॉक्टरांनी शेळीच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि विचारलं, "हिनं काय खाल्लं? खरं सांगा, त्यावर औषध आहे."

सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. आत्या म्हणाल्या, "रोजचंच खाल्लं साहेब, दुसरं काय खाईल?" आणि माझ्या तोंडून निघालं, "कण्हेर. मी टाकली."

डॉक्टरांनी कोळशाची पूड पाण्यात कालवून नळीनं पाजली, इंजेक्शन दिलं, म्हणाले, "हिला हलवू नका, पळवू नका. हृदयावर जातं हे. फार खाल्लं नसेल तर उद्यापर्यंत कळेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताजी कण्हेर शेळी ओळखते. सुकली, दुसऱ्या पाल्यात मिसळली, की तिलाही नाही कळत." मला म्हणायचं होतं, मलाही नाही कळलं. पण ते दिसतच होतं.

रात्र होईपर्यंत मी तिथंच पोत्यावर बसून राहिले. आत्या माझ्याकडे पाठ करून शेळीजवळ बसल्या. जेवायच्या वेळी मात्र त्यांनीच भाताची थाळी पुढे सरकवली. शेळीसाठी वाईट वाटत होतंच, पण तिच्या पोटातल्यांचं काय?

सकाळी तांबडं फुटताच मी पुन्हा गेले. शेळी बसली होती. लाळ थांबली होती. आत्या तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. मी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं गप्प केलं. आणि मग त्या शेळीचा जबडा हलला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आत्या हळूच म्हणाल्या, "रवंथ करून राहिली. वाचली आता." मी इतकी रडले की आत्यांनाच मला पाणी द्यावं लागलं. पंधरा दिवसांनी तिला दोन पिल्लं झाली, दोन्ही धडधाकट. मी पेढे वाटले. नवरा म्हणाला, नातू झाला तेव्हा एवढे नव्हते वाटले.

त्या हिवाळ्यातच कण्हेर मुळासकट काढली. जाळली नाही, तिचा धूरही वाईट. दूर पडीत जागेत खोल खड्डा करून पुरली. आषाढात आत्यांनीच त्यांच्या परसातल्या निर्गुडीच्या बोटभर जाड काड्या आणून दिल्या. या वेळी मी ऐकलं. दोन ओळी, वीतभर अंतर, एका ओळीतली काडी दुसऱ्या ओळीच्या फटीत. काडी तिरपी खोचायची, दोन डोळे, म्हणजे जिथून फूट येते त्या गाठी, मातीत. नवी फूट हातभर झाली की शेंडा मारायचा, जीव कितीही हळहळला तरी. निर्गुडीला शेळी तोंड लावत नाही, आणि का लावत नाही, तेही मी विचारून घेतलं: वास उग्र, बाकी काही नाही. मधेमधे अडुळसा लावला, खोकल्याला कामी येतो.

काड्या लावून झाल्यावर मी विचारलं, "आत्या, कुंपण केल्याचा तुम्हाला राग त् नाही ना?" त्या हाताची माती लुगड्याला पुसत उठल्या आणि म्हणाल्या:

"घाला ना कुंपण, काहून नाही घालाचं? पण पाला टाकाच्या आधी मले आवाज देत जा, सूनबाई. अन् तुमचा आवाज इकडं येईल, एवढंच वाढू द्या त्याले."